दिवाणावरचा पेशंट

मार्चमधल्या एका गुरुवारी माझी बायको गेली.

ती प्रसूती विभागातल्या नर्सेसना शिकवायची. बाळंतपणानंतर अचानक रक्तस्राव सुरू झाला, तर कुणी काय करायचं, याची तालीम ती घेई. काही रविवारी दिल्लीतल्या द्वारकेत आमच्या घरी दोघी-तिघी नर्सेस सरावाला यायच्या. पेशंट मी. पोटावर उशी बांधून दिवाणावर पडायचं. हातात पुस्तक असेच.

"अहो, पुस्तक ठेवा. तुमचं रक्त चाललंय."

"एवढं पान संपू दे."

"तोवर तुम्ही संपाल."

तिचा एक नियम होता. काम सांगितलं की ऐकणारीनं ते मोठ्यानं परत म्हणायचं, आणि झालं की तसं सांगायचं. नोकरीच्या सुरुवातीला तिनं एका बाळंतिणीला जाताना पाहिलं होतं. इंजेक्शन दुसरीनं दिलं असेल, असं प्रत्येकीला वाटलं होतं. हे तिनं मला एकदाच सांगितलं.

मानेसरकडच्या एका नर्सचे हात चपळ होते, पण आवाज फुटत नसे. "इंजेक्शन दे दिया," ती पुटपुटे.

"किसको बताया? पंखे को?" बायको विचारी. मला हसू येई आणि पोटावरची उशी हले.

मुली गेल्यावर मात्र बायको चहाचा कप तसाच धरून बसे. "वॉर्डातही ही अशीच गप्प राहिली तर?"

पुढे तो नियम आमच्या स्वयंपाकघरातही आला.

"गॅस बंद करा."

"गॅस बंद करतो." आणि मग, "गॅस बंद केला."

"हं," ती आतून म्हणे.

ती गेल्यावर लोक भेटायला येत, जेवलात का विचारत. मी मान हलवी. तेराव्यानंतर एका दुपारी ती मानेसरची नर्स आली.

"अंकल, खाना खाया?"

मी मान हलवली.

"मुंडी मत हिलाइए. बोलके बताइए." खोलीतले सगळे वळून बघू लागले, एवढ्या मोठ्यानं.

"नहीं खाया."

"नहीं खाया," तिनं परत म्हटलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "खिचडी बन गई."

आता नर्सेसची तालीम ती घेते. उशी दिवाणावर आहे. गॅस बंद केल्यावर मी अजूनही मोठ्यानं सांगतो.