दिलं आणि खाल्लं

तान्हा पोळा, २००४. स्थळ: सेलूतलं आमचं किराणा दुकान. हजर: आई, दादा, वहिनी, मी. काम: आईचं वजन.

त्या उन्हाळ्यात आईच्या जठरात गाठ निघाली आणि जठराचा मोठा भाग काढावा लागला. घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हा भावंडांना समोर बसवलं. म्हणाले, "आतड्याकडे जाणारी नस वाचवली आहे, त्यामुळे जुलाबाचा त्रास कमी राहील. पण भूक लावणारं संप्रेरक बहुतेक काढलेल्या भागातच तयार होतं. आणि पोट भरल्याचा निरोप आतडं आता लवकर देईल. भुकेची वाट पाहू नका, घड्याळ पाहून खाऊ घाला. वजन असंच उतरलं तर पुढची औषधं त्यांना झेपणार नाहीत."

त्याच संध्याकाळी मी तक्ता आखला. दिवसातून सहा वेळा, एकेक वाटी. वेळ, पदार्थ, खूण. तो स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवून मी सिंदी मेघेला माझ्या घरी परतले. वहिनी खुणा करी, मी दर आठवड्याला तपासे. एकही चौकट रिकामी नसे.

तान्ह्या पोळ्याला आई धान्याच्या काट्यावर चढली. "मले का तुरीचं पोतं समजली का वं?"

"पोतं असतं तं बरं होतं," दादा म्हणाला. "पोतं असं घटत नाई."

ती हसली. काटा अडतीसवर थांबला. आठ दिवसांत दोन किलो कमी. दादाने वीस किलोचं माप ठेवून पाहिलं. काटा बरोबर होता.

मी तक्ता काढून आणला. "काल दहा वाजता खिचडी. घेतली?"

"देल्ली ना तिनं," आईने वहिनीकडे बोट दाखवलं.

"खाल्ली का, आई?"

आईने दादाकडे पाहिलं. "त्याच्या ताटात टाकली. मले भूकच नाई लागत, तं घरच्यांच्या आधी काऊन जेवू?"

वहिनीचा चेहरा उतरला. "मले वाटलं, वाटी रिकामी म्हंजे खाल्ली."

चूक तिची नव्हती. लग्न झाल्यापासून आई शेवटी जेवत आली होती. सगळे उठेपर्यंत तिला कडकडून भूक लागे, म्हणून तरी ती पानावर बसे. आता भूकच येईना, तर तिची पाळीही येईना. आणि मी खूण ठेवली होती ती 'दिलं' याची. 'खाल्लं' हा रकाना मी आखलाच नव्हता.

दादाने तिथेच सांगितलं, "तुही वाटी सरल्याबिगर मी जेवत नाई."

"मरशीन उपाशी."

"तुह्या हातात हाय."

त्या धाकाने ती खाऊ लागली. वजन टिकलं, औषधं पूर्ण झाली, पुढे तीन वर्षं मिळाली. पण पहिला घास घेताना ती शेवटपर्यंत दाराकडे पाही, कोणी जेवायचं राहिलं का म्हणून.

आज माझ्या फ्रिजवर कामांची यादी असते. दर महिन्याला नवी लिहिते, चौथी ओळ तेवढी जुनीच उतरवते: सगळ्यांबरोबर आपलंही ताट वाढून घेणे. त्या ओळीपुढे अजून खूण झालेली नाही.