आम्हा दोघांचं एकच गाव

मंडळी, आज इथे जपानात, कोतोच्या ऑफिसात जेवताना आमचा इंग्रज सहकारी सांगत होता, त्यांच्याकडे जुन्या काळी लोक गावाचंच नाव लावायचे. त्याचं आडनावही तसंच.

“आमच्याकडेही तेच!” पुण्याहून नवे आलेले पिंपळगावकर म्हणाले. मीही पिंपळगावकर. विचारता विचारता गावही एकच निघालं. ते केवढे खूश झाले! “तुमचं घर कुठे? देवळापाशी?”

“नाही. ओढ्यापलीकडे.”

ओढ्यापलीकडे गावाने कोणत्या जातीला ठेवलंय, हे त्यांना पक्कं ठाऊक. हसू ओसरलं. “वा, बरीच प्रगती केलीत तुम्ही लोकांनी.”

इंग्रजाला मराठी कळत नाही. आमचं आडनाव एकच म्हणून त्याने हसत विचारलं, “म्हणजे तुम्ही नातेवाईक?”

“छे, अजिबात नाही!” ते घाईघाईने म्हणाले.

हातातली ओनिगिरी, भाताची मूद, मी परत गुंडाळली.

पुन्हा कुणी विचारलं तरी मी ओढ्यापलीकडेच सांगणार. तुम्ही काय सांगता?