शनिवार म्हणून पाठवलेला शुक्रवार

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, धाकट्या बहिणीजवळ नाही, आणि तिच्यापासून तर मी फारसं काही लपवत नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून जमेल असं वाटतंय. तरी तुम्ही कुणाला तरी सांगाल, ते फिरत फिरत इथे, मस्कतजवळच्या सीबपर्यंत येईल, ही शंका आत्ताही मनात आहेच. स्वभावच तसा आहे माझा. कुणी फोनवर आवाज खाली केला की माझे कान टवकारतात.

मस्कतमधल्या एका छोट्या कंपनीत मी समुद्राचे अंदाज लिहिते. समुद्र इथला नव्हे. पॅसिफिकमधल्या बारक्या बेटांवर तांदूळ, डिझेल, सिमेंट पोचवणारी जहाजं आमची गिऱ्हाइकं. वारा किती, पाऊस कधी, लाटा कुठून आणि केवढ्या, हे रोज त्यांना पाठवायचं. ती बेटं मी कधी पाहिलेली नाहीत. पण त्यांच्या भोवतीच्या प्रवाळाच्या कड्यात बोट आत नेण्यापुरती फट कुठे आहे, ते मला तोंडपाठ आहे.

या कामाला आम्ही दोघं होतो. मी आणि नझीरभाई. ते रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावचे, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. मी नवीन आले तेव्हा नवरा दूर सोहार शहरात, कारखान्यात, फक्त सुट्टीला घरी येणार; पदरात पाच वर्षांचा मुलगा. नझीरभाईंनी मला सीबच्या जुन्या बाजारात नेऊन ताजी सुरमई कोणाकडे मिळते ते दाखवलं, त्यांच्या बायकोने डबे पाठवले. आणि मी काय केलं? हा माणूस एवढं का करतोय, याचा विचार करत बसले.

आम्ही बौद्ध. पुण्याच्या नोकरीत गोड बोलून आडनाव विचारणारी, आडनाव कळल्यावर चहाचा कप वेगळा ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. तेव्हापासून गोड बोलण्याची मला भीती वाटते. हे कारण म्हणून सांगत नाहीये. नझीरभाईंनी मला आडनावावरून कधी काही विचारलं नाही. खरं तर त्यांनी विचारलं नाही, याचाही मला संशय आला होता.

मग ऑफिसात कुजबुज सुरू झाली की दोघांपैकी एकालाच ठेवणार. त्याच सुमारास मॅनेजरने मला बोलावून सुनावलं—तुम्ही दुपारी लवकर निघता. निघत होते मी, मुलाच्या शाळेसाठी. पण हे त्याला सांगितलं कुणी? खोलीत आम्ही दोघंच. आठवडाभरापूर्वी मी आत आले तेव्हा नझीरभाई फोनवर एकदम गप्प झाले होते. झालं. माझ्या डोक्यात खटला उभा राहिला आणि निकालही लागला. मी त्यांच्याशी हसून बोलायची, डबा खायची, आणि मनात म्हणायची—कळलाय तू मला.

(ऑफिसच्या दाराला जे कार्ड लावून आपण आत-बाहेर करतो, त्यात सगळी वेळ नोंदली जाते. मॅनेजरने तिथून पाहिलं होतं. हे मला पुढे कळलं, त्याच्याच तोंडून, सहज. तेव्हा फार उशीर झाला होता.)

आता कामाची एक पद्धत सांगावी लागेल, त्याशिवाय माझं पाप तुम्हाला कळायचं नाही. आमची बेटं वाररेषेच्या दोन्ही बाजूंना आहेत—शाळेत भूगोलात शिकतो ती रेषा. पश्चिमेच्या बेटांवर शनिवार सकाळ असते तेव्हा पूर्वेच्या बेटांवर शुक्रवार सकाळ. समुद्र तोच, लाट तीच, वार वेगळा. आम्ही अंदाज त्या त्या बेटाच्या वारानेच लिहितो. इथे ओमानात बसून तिन्हीकडचे वार सांभाळायचे म्हणजे चूक होणारच, म्हणून एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचल्याशिवाय बाहेर जात नाही. त्याला आम्ही दुसरी नजर म्हणतो.

तो गुरुवार होता. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे गुरुवारी सगळ्यांना घाई. खूप दक्षिणेला मोठं वादळ होऊन गेलं होतं आणि त्याची लांब लाट, ऑफिसच्या भाषेत स्वेल, बेटांकडे निघाली होती. ही लाट फसवी असते. वारा नाही, आभाळ निळंशार, आणि तरी प्रवाळाच्या फटीत पाणी अचानक उभं राहतं. नझीरभाईंनी पश्चिमेच्या बेटांसाठी लिहिलं—शनिवारी सकाळी लाट पोचेल, बोटी आत-बाहेर नेऊ नयेत. बरोबर होतं. तोच मजकूर त्यांनी पूर्वेच्या बेटांसाठी उचलला आणि वार बदलायचा विसरले. तिथे शुक्रवार हवा होता. राहिला शनिवार.

ते माझ्याकडे आलं. ते म्हणाले, "वैशालीताई, यल्ला, चला, एक नजर टाका, मग खलास."

मी नजर टाकली. आणि—आता सांगते—मला दिसलं. ओझरतं नव्हे. स्पष्ट दिसलं. माझं बोट त्या शब्दावर थांबलं होतं. दोन शब्द बोलायचे होते. ते ओशाळून हसले असते आणि वार बदलला असता. मी बोलले नाही. मला वाटलं, जाऊ दे. गिऱ्हाईक तक्रार करील, मॅनेजरला कळू दे की लवकर निघणारी चुकत नाही, चुकतात ते दिवसभर बसणारे. मी वाचल्याची खूण केली आणि अंदाज गेला.

माणूस मरेल असं वाटलं होतं का? नाही. पण लाट किती मोठी आहे ते मला ठाऊक होतं. मग नाही कसं म्हणू?

याहून वाईट पुढचं आहे. आमचा गुरुवार संपला तरी तिथला शुक्रवार उजाडायचा होता. मध्ये माझ्याजवळ अख्खा सुट्टीचा दिवस होता. नवरा आला होता, आम्ही मुलाला घेऊन समुद्रावर गेलो. तो पाण्यात खेळत होता, आपल्या त्या शाळेतल्या इंग्रजीत मला हाका मारत होता, आणि माझ्या हातात फोन होता. एक मेल, वार चुकला आहे, एवढंच. मी मनात हिशेब करत होते. आता तिथे गुरुवारची रात्र. आता ते झोपले असतील. नवऱ्याने विचारलं, "कुठे हरवलीस?" मी म्हटलं, "कुठे काय." मेल केला असता तर विचारलं गेलं असतं, तेव्हाच का नाही दिसलं? आणि त्याहूनही, खरं सांगते, मला नझीरभाई पकडले जायला हवे होते.

रविवारी ऑफिसला गेले तेव्हा गिऱ्हाइकाचा मेल येऊन पडला होता. जहाज शुक्रवारी सकाळी पूर्वेच्या एका बेटाबाहेर उभं होतं, समुद्र शांत, म्हणून छोट्या बोटीतून माल उतरवायला घेतला. फटीत बोट उलटली. एकजण पोहून बाहेर आला. दुसरा, बोट चालवणारा, गेला. त्याचं नाव त्या मेलमध्ये होतं. मला ते पाठ आहे. इथे लिहीत नाही, कारण माझ्या तोंडात ते नाव शोभत नाही.

मॅनेजरने दोघांना समोर उभं केलं. नझीरभाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते म्हणाले, चूक माझी. मला विचारलं, तुम्ही वाचलं नाहीत? मी म्हटलं, घाईत सुटलं. रडले सुद्धा. रडणं खरं होतं, वाक्य खोटं होतं. मला समज मिळाली. त्यांची नोकरी गेली.

नंतर ते सूर नावाच्या बंदरगावी कामाला लागले, बोटींच्या इंजिनांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात. दर ईदला त्यांचा मेसेज यायचा. मी तो दहा-दहा वेळा वाचायची. यात टोमणा आहे का? मागच्या वर्षी 'आपल्या घरच्यांना' लिहिलं होतं, यंदा फक्त 'आपल्याला', का? ह्यांना कळलंय. वाट बघतायत. मी एक माणूस मारला, नझीरभाईंची नोकरी खाल्ली, आणि पाळत त्यांच्यावर मीच ठेवून होते.

या वर्षी ते अचानक सीबच्या बाजारात भेटले, भाच्याकडे आले होते म्हणे. थकलेले. त्यांनीच आग्रहाने चहाला बसवलं. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग ते खाली बघत म्हणाले, "वैशालीताई, दर जुम्म्याला त्या माणसासाठी दुआ मागतो. माझ्या हातून गेला तो. रोज एकदा तरी आठवतो."

मी कप उचलून एक घोट घेतला.

"एक विचारू? रागावू नका," ते म्हणाले. "त्या दिवशी तुम्हाला खरंच दिसलं नव्हतं ना?"

इतक्या वर्षांनी कुणीतरी सरळ विचारलं होतं. दुकानात गर्दी नव्हती. मॅनेजर नव्हता, नोकरी जायची भीती नव्हती. एक शब्द उच्चारला असता तर नझीरभाईंच्या छातीवरचं अर्ध्याहून जास्त ओझं तिथेच उतरलं असतं.

मी म्हटलं, "नाही हो, नझीरभाई."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं," ते म्हणाले. "मला हीच काळजी होती. दिसूनही राहून गेलं असतं तर तुम्हालाही माझ्यासारखं जन्मभर टोचलं असतं. माझ्या चुकीत तुम्ही कशाला." चहाचे पैसे त्यांनीच दिले.

मी घरी निघाले. आणि गाडीत बसल्या बसल्या माझ्या मनात पहिला विचार आला तो हा—एवढं चांगलं कोण बोलतं? माझ्याकडून खरं काढून घ्यायला तर बोलले नसतील?