हिवाळी गाठोड्याची परीक्षा

सामान कमी करता येते. सामानाविषयीच्या हकिकती मात्र कमी करता येत नाहीत. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक आणि एक छत्री होती. हकिकतींना वेगळी बैलगाडी करावी लागली असती. त्यांपैकी हिवाळी दौऱ्याच्या तेवढ्या येथे सांगते.

नगरातील आमच्या मुलींच्या शाळेतर्फे दर जानेवारीत राजूरला दहा दिवसांचा वर्ग भरे. आसपासच्या डोंगरगावांतील मुलींना आम्ही तेथे लेखन, शिवण आणि गायन शिकवीत असू. युद्धाची वर्षे होती. पेट्रोल मिळत नसे. सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत, म्हणजे सपाटीवर चालत. अकोले सोडून राजूरचा चढ लागला, की उतारूंनी उतरायचे आणि आपापले सामान घेऊन पायी वर जायचे. पहिल्या वर्षी आम्हां चार बायकांच्या सामानाला सहा माणसे लागली. आम्ही थंडीसाठी गेलो होतो की थंडीचे दुकान मांडायला, असा प्रश्न बघणाऱ्यांना पडला असला पाहिजे.

त्यावर आमच्या मुख्याध्यापिकांनी, ज्यांना सर्व नगर मोठ्या बाई म्हणे आणि ज्या दौऱ्यावर स्वतः येत, नियम केला. प्रत्येकीने एकच गाठोडे न्यायचे. आदल्या दिवशी ते उचलून शाळेच्या पटांगणाला एक फेरी घालायची आणि मग सर्वांसमोर उघडायचे. आतील प्रत्येक कपड्याचे निदान दोन उपयोग सांगता आले पाहिजेत. एकच उपयोग असलेला कपडा निघाला, की नापास. आणि नापास होईल तिने नगरातच राहायचे. परीक्षक मी.

दौऱ्यावर न गेलेल्या शिक्षिकेला कायम करायचे नाही, हाही मोठ्या बाईंचाच नियम. आम्ही जुन्या होतो, आम्हांला त्याचे काही नव्हते. पण सुवार्ता नावाची एक हंगामी शिक्षिका होती. तिला दोनच हिवाळ्यांची मुदत होती. तेवढ्यात राजूर घडले नाही, तर तिला घरी जावे लागणार होते. तिच्याकडे मी पुढे येते.

*

शिवणाच्या द्वारकाबाई स्वतःच्या विणकामावर इतक्या प्रसन्न असत, की दुसऱ्या कोणाला प्रसन्न होण्यास वावच नसे. पहिल्या परीक्षेला त्यांच्या गाठोड्यातून सहा स्वेटर निघाले. प्रत्येक पातळाच्या काठाला जुळणारा एक.

मी जांभळा स्वेटर उचलून विचारले, "याचे दोन उपयोग सांगा."

"सकाळी थंडी वाजते, तेव्हा घालता येतो."

"आणि दुसरा?"

"संध्याकाळीही वाजते."

पहिलीच परीक्षा म्हणून मी त्यांना नापास न करता पाच स्वेटर तेवढे परत पाठविले. सहाव्याने सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही उत्तम निभावल्या. त्याचे श्रेय मात्र द्वारकाबाईंनी शेवटपर्यंत लोकरीला दिले.

*

गायनाच्या कुसुमताईंना गळा होता, आणि तो असल्याची जाणीव त्या सर्वांना ठेवायला लावीत. थंडीत गळ्याला शेक हवा म्हणून त्यांनी रबराची गरम पाण्याची पिशवी आणली, तीही फ्लॅनेलच्या अंगरख्यात शिवलेली.

"दुसरा उपयोग?"

"उशी," त्या तत्परतेने म्हणाल्या. उत्तर नियमात बसत होते. मी पास केले.

राजूरला पहिल्याच रात्री त्यांनी दोन्ही उपयोग एकदम केले. पिशवी डोक्याखालीच फुटली. सकाळी त्यांची गादी, पांघरूण आणि वेणी अशा तिन्ही वस्तू वाळत घालाव्या लागल्या. नऊ दिवस त्यांच्या तोंडातून स्वर निघाला नाही. त्यांनी मुलींना टाळी वाजवून ताल शिकविला. मुलींची प्रगती इतकी चांगली झाली, की पुढच्या वर्षी पिशवी आणण्याविषयी मोठ्या बाईंनीच त्यांना आठवण करून दिली.

त्याच कुसुमताईंनी एकदा विचारले होते, "बाई, अंगावर जे असेल ते धरायचे का?"

"अंगावरचे अंगावर," मी म्हणाले. "परीक्षा गाठोड्याची आहे."

वाक्य आटोपशीर झाले म्हणून मी तेव्हा स्वतःवर खूष होते.

*

सखूबाई आमच्या शाळेची शिपाईण, तिसगावकडची. ती गाठोडे आणीतच नसे. खांद्यावर एक काळी घोंगडी, बस.

"परीक्षा तुलाही आहे," मी तिला बजावले. "हिचे दोन उपयोग सांग."

"दोनच?" ती म्हणाली. "हांतरायला हुती, पांघरायला हुती. पावसात खोळ करावी, उन्हात सावली करावी. बाजारात भाजी बांधावी. आन एकांद्याशी बोलायचं नसलं, तर तोंडावरून घिऊन निजावं."

सहा उपयोग झाले. मी तिला पूर्ण गुण देणार होते, परंतु घोंगडीला मेंढरांचा असा वास येत होता, की कळप बाहेर उभा आहे असे वाटावे. मी तसे बोलून दाखविले आणि पाच गुण कापले.

"कापा की," सखूबाई म्हणाली. "पर वास बी उपेगाचाच हाय बाई. त्याच्यापायीच मोटरीत ऐसपैस जागा मिळती."

दुसऱ्या दिवशी मोटारीत आम्ही एका बाकावर चौघी बसलो होतो. सखूबाई एका बाकावर एकटी होती.

*

आता सुवार्ता. एका जुन्या शाळामास्तरांची मुलगी, वर्ण सावळा, अक्षर वळणदार, बोलणे कमी. तिच्या पहिल्या हिवाळ्यात तिचे गाठोडे सर्वांत नेटके होते. तळाशी मात्र एक पांढरी साडी निघाली. खळ घातलेली, चौपदरी घडी.

"हिचा उपयोग?"

"रविवारी प्रार्थनेला नेसते, बाई."

"दुसरा?"

"दुसरा नाही."

मी तिला वेळ दिला. द्वारकाबाईंनी खोकून सुचविले, "पडदा." कुसुमताई कुजबुजल्या, "अगं, चादर म्हण." गरम पाण्याच्या पिशवीला उशी म्हणून पास केलेल्या परीक्षेत साडीला चादर म्हणणे मुळीच कठीण नव्हते.

सुवार्ता म्हणाली, "मी ती चादर म्हणून वापरणार नाही. मग सांगू कशी?"

मी तिला नापास केले. नियम तो नियम. तिने घडी मोडू न देता साडी गाठोड्यात ठेवली आणि आमच्या गाठोड्यांना गाठी मारू लागली. द्वारकाबाईंचे गाठोडे तर तिने दोनदा बांधून दिले. मला त्याचा राग आला. का, ते मी तेव्हा तपासले नाही.

*

त्याच हिवाळ्यात आम्ही निळ्या झालो. लष्कराने बाद केलेली खाकी कांबळी छावणीतून बाजारात आली होती. द्वारकाबाईंनी त्यांचे आम्हां चौघींसाठी कोट शिवले. खाकी रंगात आपण शिपाई दिसू म्हणून त्यांनी ते घरीच निळे रंगविले. कोट म्हणून तो कोट, रात्री पांघरूण, गुंडाळला की उशी: मी सर्वांना तीन-तीन उपयोगांचे गुण दिले.

राजूरला पहाटे दव पडते, हे रंगाला कोणी सांगितले नव्हते. तिसऱ्या दिवशी वर्गात एक मुलगी उभी राहिली.

"बाई, इचारू का?"

"विचार."

"नगरला समद्या बायांच्या माना निळ्याच असत्यात का?"

द्वारकाबाई फणकारून म्हणाल्या, "चौथा उपयोग लिहून घ्या, बाई. परगावी ओळख पटते."

त्यांच्या आयुष्यातील हा एकमेव विनोद, आणि तोही त्यांनी रागाने केला.

*

पुढचा हिवाळा सुवार्तेचा शेवटचा. परीक्षेच्या दिवशी तिने पाववाल्याच्या पुडक्याएवढे गाठोडे आणले. आत टॉवेल, कंगवा आणि पवित्र शास्त्र. कपडा एकही नाही. मला कापायला काहीच सापडेना. मी पास केले, आणि दुसऱ्या दिवशी मोटारीपाशी ती आली तेव्हा तिच्याकडे नीट पाहिले नाही. वडिलांचा जुना काळा कोट तिने गळ्यापर्यंत बंद केला होता.

द्वारकाबाई म्हणाल्या, "हिची तब्येत बरीच सुधारली हो."

चढाच्या पायथ्याशी मोटार थांबली. भर दुपार होती. मोटारीच्या टपावर गुळाच्या ढेपा लादल्या होत्या, आणि त्या वर्षी आमची गाठोडी अशी हलकी होती, की ती खांद्यावर वाहणे मला अनाठायी वाटले. उकडते म्हणून कोटही काढून त्यांत बांधले. मी ड्रायव्हरला म्हणाले, "ही मागच्या बाजूला बांधा. वर जाऊन घेतो."

"मागं कोळशाची भट्टी हाय, बाई. तिथं नगं."

"सामान हलके आहे," मी म्हणाले.

मोटार पुढे गेली. आम्ही चढू लागलो. सुवार्ता दर वळणावर बसत होती, घामाने न्हाली होती, तरी कोटाचे एक बटण काढीना. सखूबाईने तिचा हात धरला आणि तिच्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिले. मग ती हसली.

माथ्यावर मोटार उभी होती. तिच्या मागे रस्त्यावर ओल्या राखेचा ढीग होता आणि ड्रायव्हर रिकामी बादली घेऊन उभा होता.

"हलकं हुतं बाई," तो म्हणाला. "लगीच पेटलं."

राजूरच्या शाळेच्या खोलीत पोहोचलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. गावातून कांबळी मागविली होती. ती यायला अवकाश होता. खिडक्यांना दारे नव्हती. मोठ्या बाई हात बगलेत घालून फेऱ्या मारीत होत्या आणि त्यांचे दात वाजत होते. त्यांचे दात वाजताना मी प्रथमच ऐकत होते.

सुवार्ता उठली. तिने कोट काढून मोठ्या बाईंच्या खांद्यांवर घातला आणि ती फळ्यामागे गेली. फळ्यावरून प्रथम एक शाल आली. ती कुसुमताईंनी गळ्याला गुंडाळली. मग एक जाड पातळ आले, मग दुसरे. द्वारकाबाईंनी दोन्ही घेतली. शेवटी तपकिरी स्वेटर आला. तो माझ्यासाठी होता. मी तो घातला आणि बाह्या कोपरापाशी संपल्या तेव्हा मला सगळे कळले.

"ही परीक्षेची फसवणूक आहे," मी म्हणाले. "ही अख्खी ट्रंक अंगावर घालून आली. निकाल रद्द झाला पाहिजे."

फळ्यामागून आवाज आला, "अंगावरचे अंगावर, असे आपणच सांगितले होते, बाई."

"मग पुन्हा परीक्षा घ्या," मोठ्या बाई म्हणाल्या. "आत्ता, इथेच. हिला कायम करायचे की नाही, ते मला आज लिहून टाकायचे आहे."

मी पिशवीतून वही आणि पेन्सिल काढली. त्या मी गाठोड्यात ठेवीत नसे. कोट मोठ्या बाईंच्या अंगावर होता, शाल कुसुमताईंच्या, पातळे द्वारकाबाईंच्या. त्यांविषयी विचारण्यात अर्थ नव्हता. सवयीने मी विचारले, "स्वेटर. दुसरा उपयोग?"

"आत्ता आपण करताहात तो, बाई."

सखूबाईने घोंगडी तोंडावरून घेतली. घोंगडी बराच वेळ हलत होती.

मग सुवार्ता फळ्यामागून बाहेर आली. अंगावर तीच पांढरी साडी होती. घामाने खळ उतरली होती, आणि ती उभी कापत होती.

"आणि हिचा?" मी विचारले. "दुसरा उपयोग सांगितलास, तर पास."

खोलीत सगळ्या तिच्याकडे पाहत होत्या. द्वारकाबाई खोकल्या. कुसुमताईही खोकल्या, आणि तो थंडीचा खोकला नव्हता.

सुवार्तेने निऱ्या सारख्या केल्या.

"नाही, बाई," ती म्हणाली. "एकच आहे."

सखूबाई उठली आणि तिने आपली घोंगडी तिच्याभोवती लपेटली. मोठ्या बाईंनी काळ्या कोटाच्या लांब बाहीतून हात बाहेर काढला आणि माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली.