मागच्या टायरले लावलेलं कुंकू

खरं सांगते, देवाधर्माच्या बाबतीत मी अर्धवटच. आई दिवा लावते म्हणून हात जोडाचे, बस्स. हे वाचून माह्या मैत्रिणी हसतीन, हसू द्या!

आमचा ट्रक आहे. समोर दोन टायर न मागं दोन्ही बाजूंनी दोन-दोन, जोडीनं. बाबा स्वतः चालवतात. मागचे दोन पार गुळगुळीत झाले तर बाबा म्हणाले, "या वेळी तूच पसंत कर." मी इतकी खुश! चार दिवस मोबाइलवर व्हिडिओच व्हिडिओ. जड मालाले कोणता टायर, किती वजन झेपते, सारं तोंडपाठ. टायर एक नंबर घेतले. पण बसवताना मीच म्हटलं, नवे बाहेरून लावा, एक इकडं, एक तिकडं. जुने आत लपतीन. बाबांनी विचारलं, "समोर नाही लावाचे?" मी म्हटलं, "बाबा, आजकाल असंच लावतात." दिसाले भारी दिसलं पाहिजे न, दुसरं काही नाही!

लकडगंजातून सागाचं लाकूड भरून पारशिवनीकडं निघालो. आमच्या घरची रीत आहे, नवा टायर चढला की पहिल्याच खेपेत सगळ्या टायरांले ओलं कुंकू लावाचं न नारळ फोडाचा. मी त्यासाठीच सोबत होती, न नारळच घरी विसरली! रस्त्यात मारुतीचं लहानसं देऊळ दिसलं. मी म्हटलं, येतानी थांबू. बाबांनी ऐकलंच नाही, गाडी बाजूले घेतली.

देवळाबाहेर एक मावशी नारळ विकत बसली होती. तिच्याकडून नारळ घेतला, कुंकू कालवलं न एकेका टायरले लावत गेली. मागच्या बाहेरच्या टायरले बोट टेकवलं तर चटकाच बसला! कुंकू लावल्या लावल्या वाळलं. आतल्यावर मात्र ओलंच, खाली ओघळून राहिलं होतं. मले वाटलं, ऊन असंन.

मावशी पाहून राहिली होती. उठून आली. "काहून वं पोरी, आत जुना न बाहेर नवा लावला का?"

"हाव. काहून?"

"मग जोडी कुठं जमली? नवा उंच, जुना झिजून बुटका. सारं वजन उंचाच्याच बोकांडी. फुटंन न बाई तो! माह्या घरचे जन्मभर ट्रकवर होते, त्यांच्या तोंडी हेच राहायचं."

बाबांनी दोन्ही टायरांले हात लावून पाहिला. बाहेरचा तापलेला, आतला थंडा. मागं एवढं लाकूड, केबिनमंदी आम्ही दोघं, न पुढं अर्धा रस्ता बाकी. "बाबा, माहं चुकलं."

बाबा म्हणाले, "मले खटकलं होतं वं. पण तुले पसंत कर म्हटलं, मग तोंड कसं उघडू?"

टायर थंडे होऊ दिले. बाजूच्या पंक्चरवाल्यानं नवे दोन समोर चढवले, समोरचे मागं आणले, उंची मोजून जोड्या जमवल्या. तोवर मावशीनं खोबरं न गूळ खाऊ घातला. पुढं पारशिवनीपर्यंत आम्ही दोनदा उतरून हात लावून पाहिलं. जोडीतले दोन्ही टायर सारखेच कोमट!

त्या मावशीच्या रूपात कोण आलं होतं, हे मी सांगणारी कोण? पण एक कळलं. शरण जायचं म्हणजे डोळे मिटून बसायचं, असं मले वाटे. त्या दिवशी मले चाकापाशी वाकावं लागलं, न नारळ विकणाऱ्या बाईचं ऐकून बापासमोर 'माहं चुकलं' म्हणावं लागलं. म्हटल्यावर जे हलकं वाटलं न, ते कोणत्याच देवळात वाटलं नव्हतं. देवा, तुहे लय उपकार. बाबा सुखरूप घरी जेवून राहिले, अजून काय पाहिजे!