येळवशीच्या रानात गिअरबॉक्स

सोलापूर सोडताना श्रीपादने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला बजावलं की वाटेत गाडीविषयी चकार शब्द काढायचा नाही. मेकॅनिकने निकाल दिलाच होता: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स संपत आलाय, गाडी भंगारात काढा. पण श्रीपादचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. क्लच नसलेली ही जुनी गाडी गेली की दुसरी तशी घेण्याची आमची ऐपत नव्हती, आणि गाडी चालवणं हा त्याचा जीव की प्राण. गुलबर्ग्याला शिकणाऱ्या लेकीला भेटून यायचं आणि मग काय ते ठरवायचं, एवढंच बोलणं झालं होतं.

अक्कलकोट मागे पडलं, कर्नाटकाची हद्द लागली आणि मी गाडीची चिंता विसरून गेले. एवढं मोठं आभाळ मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. खाली काळी रानं, त्यात ज्वारी कणसावर आलेली, तुरीचे पट्टे थेट क्षितिजाला टेकलेले. गावं मात्र ओस. दुकानं बंद, दारांना कुलपं, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

मादन हिप्परग्याच्या अलीकडे एका चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि गाडी जागची हलेना. खाली वाकून पाहिलं, तर गिअरबॉक्सचं तेल गार करायला कूलरकडे नेणारी रबरी नळी टोकाशी चिरली होती. करपल्यासारखा वास येत होता. मोबाइलला रेंज नव्हती.

ओस पडलेल्या गावांची माणसं बाजूच्या रानांत होती. आज येळवस (मार्गशीर्षातली अमावस्या, या दिवशी सगळी घरं शेतात जाऊन काळ्या आईला जेवू घालतात). कडब्याच्या खोपीत दगडाचे पाच पांडव मांडलेले, आणि माणसं रानाच्या कडेकडेने अन्न शिंपत चाललेली. त्याला इकडे कानडीत चरगा म्हणतात. खोपीजवळच्या गंगाक्कांनी आम्हाला हाक मारली. त्यांचे यजमान शिवाप्पा आमच्याशी मराठी आणि लेकीसुनांशी कानडी बोलत होते. जेवल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, असं दोघांनी ठणकावलं. अनेक डाळींची भज्जी, ज्वारीचे उंडे, वर गार आंबील. पोटात जागा नव्हती, तरी वाढणारे हात थांबेनात.

जेवणं झाल्यावर आठ-दहा जणांनी गाडी ढकलून कोरड्या पाटावर आडवी आणली, म्हणजे खाली शिरायला जागा झाली. श्रीपाद गोणपाटावर झोपून सरकत सरकत खाली गेला. करपलेलं तेल काढून टाकायचं, नळी बदलायची, डिकीत बरोबर आणलेलं नवं तेल भरायचं, असा त्याचा बेत. शिवाप्पांनी फवारणीच्या पंपाचा नवा पाइप कापून दिला. श्रीपाद गिअरबॉक्सचं बूच सोडवणार, तोच गंगाक्का पुढे झाल्या.

"आज भुई पोटुशी हाय, दादा," त्या म्हणाल्या. "तिच्या पोटावर असलं तेल सांडू नका."

आम्ही घाईत होतो, तरी श्रीपादने बुचावरचा हात मागे घेतला. खोपीतली परात आली. शिवाप्पा पालथे पडून ती धरून राहिले आणि त्यांनी एक थेंब खाली पडू दिला नाही. नळी बसली, नवं तेल ओतलं आणि घोटाळा कळला. डब्यातलं तेल पुरेना. दुकान उघडं असतं तरी हे तेल तालुक्यातही मिळालं नसतं. श्रीपाद परातीकडे पाहत राहिला. मग गंगाक्कांनी धुतलेल्या जुन्या लुगड्याच्या चार घड्या केल्या आणि दोघांनी मिळून ते तेल दोनदा गाळलं. पुरेल एवढं त्याने परत भरलं, उरलेलं डब्यात घेतलं.

इंजिन सुरू झालं. श्रीपादने गिअरचा दांडा मागे ओढला आणि गाडी मुकाट पाटावरून उतरून रस्त्याला लागली. मागे कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे चरग्याचं उरलेलं काम आटपायला निघून गेले होते. मी मात्र थक्क होऊन मागे बघत राहिले. जमिनीला जपणारी ही माणसं नसती, तर आमचं तेल केव्हाच मातीत गेलं असतं.

पुढे आम्ही बैलगाडीच्या चालीने गेलो. चढ आला की थांबायचं, गिअरबॉक्स निवू द्यायचा. गुलबर्ग्यात लेक भेटली, दोन दिवस मजेत गेले आणि त्याच रस्त्याने सोलापूरला परतलो. गिअरबॉक्स बरा झालेला नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याला थोडं आयुष्य मिळालं होतं, इतकंच.

घरापुढे श्रीपादने इंजिन बंद केलं, पण उतरेना. पाय दुखतोय का, म्हणून मी विचारलं.

"नाही. उद्या तुला ऑफिसला मी सोडणार आहे. सांगून ठेवतोय."

लग्न झाल्यापासून तोच मला सोडत आला होता. हे असं सांगायची वेळ कधी आली नव्हती. मी बरं म्हटलं आणि पिशव्या काढायच्या निमित्ताने डिकीच्या आड जाऊन डोळे पुसले.