कपाटातली हाळी

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी केरबानं मेंढरं बायकोवर, राजाबाईवर सोपवली आणि शहरात, उस्मानपुऱ्यात एका नव्या इमारतीवर वॉचमन म्हणून राहिला. लेक अक्षदा जवळच्याच सरकारी शाळेत आठवीला. राजाबाई पैठणकडं, आटलेल्या धरणाच्या काठानं चारा दिसेल तिकडं मुक्काम हलवायची आणि दुपारी उंच बांधावर चढून, रेंज धरून लेकीला फोन करायची. बापलेकीत फोन एकच, तो अक्षदाकडं.

त्यावरून केरबाचं डोकं फिरायचं. पोरगी जेवतानाही त्यात मुंडी घालून! म्हणून पालकसभेत मुख्याध्यापिका दमयंतीबाईंनी "शाळेत मोबाइल बंद करायला कोण कोण तयार?" असं विचारताच त्यानं सगळ्यांत आधी हात वर केला. सकाळी वर्गात सापडलेले फोन बाईंच्या मागच्या कपाटात होते, त्यांत अक्षदाचाही.

तेवढ्यात कपाटातून हाळी आली, "हर्रर्र... या गं बायांनो!" मेंढरं वळवताना राजाबाई देते तीच. अक्षदानं आईच्या फोनची रिंगटोन म्हणून ती भरून ठेवली होती. सभा हसली. केरबा मात्र गडबडला. आज मुक्काम कुठं, हे आता कळणार कसं? पोरीचा आवाज ऐकल्याबिगर राजाबाई बांध उतरंल का? पण मग ह्याच फोनपायी रोज पोरीला शिव्या कोण घालतं? हाळी थांबली.

केरबानं पुन्हा हात वर केला. "बाई, विरोध हाय."

"अहो, तुमचा हात मघाशीच मोजलाय."

"त्यो माझा व्हता," केरबा म्हणाला. "ह्यो राजाबाईचा धरा."